पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर चौकशी : नागपुरात शिकलेलं काम

दरवर्षी लॉच्या शेवटच्या वर्षाची दोन-चार मुलंमुली मला भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, पोलिसांच्या गोळीबारात किंवा कोठडीत माणूस गेला तर त्याची स्वतंत्र चौकशी करायचं काम मला करायचं आहे. जाहिरात कुठे निघते?"

जाहिरात निघत नाही, हे आधीच सांगते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९९० पासून याच कामासाठी वेगळी यंत्रणा आहे आणि तिच्या संचालकपदावर आजी किंवा माजी पोलीस अधिकारी बसू शकत नाही. इंग्लंडमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेतही अशा यंत्रणा आहेत. आपल्याकडे हे काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं आहे. तपास सीआयडीकडे जातो, चौकशी दंडाधिकारी करतात, मानवाधिकार आयोग अहवाल मागवतो आणि आयोगाच्या तपास विभागाच्या प्रमुखपदावरही पोलीस खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी असतो. पोलीस सुधारणांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर पोलीस तक्रार प्राधिकरणं कायद्यात आली. या सगळ्या टेबलांवरून कागद पुढे सरकतो की नाही, त्यात काही गाळलं गेलं का, कुणाला विचारायचं राहिलं का, हे पाहणारे आम्ही. कुणी वकील, कुणी समाजकार्य शिकलेलं, एखादा निवृत्त डॉक्टर. आमच्या हातात अधिकार काहीच नाही. अर्ज करता येतो, माणसांशी बोलता येतं, कागद वाचता येतो आणि अहवाल लिहिता येतो. एवढ्यावर पुष्कळ होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी २००९ मध्ये सनद घेतली. या कामाची ओढ मात्र त्याच्या खूप आधीची. २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि लहान मुलं जास्त. मी तेव्हा पाचवीत होते. झिरो माईलजवळच्या स्मारकापाशी दर २३ नोव्हेंबरला लांबलांबच्या गावांहून लोक येतात, फुलं वाहतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण जीव घेणारं बळ म्हटलं की नव्या लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त पिस्तूल येतं. लाठीने माणूस मरतो. गर्दीला बाहेर पडायला वाट ठेवली नाही तरी मरतो. कोठडीत दम्याचा पंप दिला नाही तरी मरतो.

आता माझी एक चूक सांगते, कारण तिच्यातून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्या पुस्तकातून शिकले नाही.

कामाची पहिली दोन वर्षं. शहराबाहेरच्या रस्त्यावर पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला होता. त्याची आई पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, राहायची. पारध्यांवर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण बेड्यावर रात्री गाडीचा उजेड पडला की पोरं आजही उठून पळतात. तिथे कुणी बोलायला तयार होईपर्यंत मला चार चकरा माराव्या लागल्या. त्या चार चकरांत मी जन्माचा दाखला विचारला, आधीच्या केसेस विचारल्या, शेती आहे का विचारलं. नवव्या दिवशी आईने प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. त्यात पँट होती, चपला होत्या. मी विचारलं, मावशी, शर्ट?

"शर्ट नाही देला, बाई. पँट देली, चप्पल देली."

गोळी छातीत लागली होती. म्हणजे सगळी गोष्ट त्या शर्टात होती. नळी अगदी जवळ असेल तर गोळीबरोबर बाहेर पडलेली काजळी आणि न जळलेली दारू जखमेभोवती बसते, कातडीवर काळपटपणा आणि बारीक ठिपके उमटतात. अंगात कपडा असेल तर हे सगळं कपडाच अडवतो आणि कातडी स्वच्छ दिसते. मग शवविच्छेदनाच्या कागदावर 'काळपटपणा नाही' असं लिहिलं जातं आणि ते खोटंही नसतं. गोळी हातभरावरून लागली की वीस पावलांवरून, हे फक्त कपडा सांगू शकतो. आम्ही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, दवाखान्यात पत्र दिलं. शर्ट जप्तीच्या यादीत नव्हता. वॉर्डात कापून काढला होता आणि रक्ताने भिजलेल्या बाकीच्या कपड्यांबरोबर कचऱ्यात गेला होता. कुणी मुद्दाम केलं असं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही. मी पहिल्या दिवशी विचारलं असतं तर तो बहुतेक मिळाला असता.

तेव्हापासून पहिला प्रश्न कपड्यांचा. कपडे जप्त झाले का, कुणी केले, सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवले की ओलेच प्लॅस्टिकमध्ये कोंबले? प्लॅस्टिकमध्ये ओलं कापड कुजतं. आणि हे सगळं विचारायचं, हात लावायचा नाही. मुद्देमाल आपण उचलायचा नाही, झाडलेल्या गोळीची पुंगळी दिसली तरी खिशात टाकायची नाही. जागेवरूनच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला आणि दंडाधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. मूळ फोटो फोनमध्ये तसाच राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरलेला फोटो दबतो आणि कधी काढला ही त्यातली नोंद निघून जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक प्रकरणात मी एक मोठा तक्ता करते. डावीकडे वेळ, आणि पुढे एकेका कागदाचा एकेक रकाना : स्टेशन डायरी, गाडीचं लॉगबुक, शस्त्र दिल्या-घेतल्याची नोंद, दवाखान्याचं एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेसचं) रजिस्टर, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, एफआयआर, घरच्यांचं म्हणणं. कागद एकेकटा वाचला की खरा वाटतो. शेजारी शेजारी ठेवले की कुठे फट आहे ते आपोआप दिसतं.

कोठडीतल्या एका मृत्यूत स्टेशन डायरीत लिहिलं होतं, सकाळी ९.४० ला चौकशीसाठी आणलं. बायको म्हणत होती, पहाटेच नेलं. पहाटे म्हणजे किती वाजता? तिच्या घरात घड्याळ नव्हतं आणि मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. शेवटी सोबतचे ज्येष्ठ सहकारी तिला म्हणाले, ताई, नळ आले होते का तेव्हा? ती पटकन म्हणाली, "आले होते नं. माहा गुंड भरून झाला होता, मी बकेट लावत होती." त्या वस्तीत पाणी किती वाजता सोडतात हे आम्ही व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला विचारलं, शेजारच्या तीन घरांत विचारलं. सहा ते पावणेसात. म्हणजे जवळजवळ तीन तास कागदावर नव्हते. दंडाधिकाऱ्यांसमोर तिने हेच नळाचं सांगितलं आणि त्यांनी व्हॉल्व्हवाल्याचाही जबाब घेतला.

माणसाला त्याच्या घड्याळात विचारायचं. दूधवाला, नमाज, शाळेची रिक्षा, रात्रीची मालिका. आणि एकेकट्याला विचारायचं. वीस नातेवाईक भोवती बसलेले असताना मिळालेली साक्ष वीस जणांची होऊन जाते.

कायद्याच्या मुदती पाठ हव्यात, कारण सगळे अर्ज त्यांच्यावर टेकतात. कोठडीतला मृत्यू राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवायचा असतो, पोलीस कारवाईतला ४८ तासांत. आयोगाकडे तक्रार एका वर्षाच्या आत जायला हवी, नंतर आयोगाचे हात बांधलेले असतात. कोठडीतल्या मृत्यूच्या दंडाधिकारी चौकशीचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १७६ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १९६ आहे. त्यात नातेवाइकांना कळवणं आणि चौकशीला हजर राहू देणं आहे. बहुतेक घरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने जपावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला असलं बंधन नाही, तिथलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं. म्हणून दुकानदाराकडे पहिल्याच दिवशी जायचं आणि ते जपण्याचं पत्र तपास अधिकाऱ्याला द्यायचं.

गोळीबाराच्या प्रकरणांत पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा 'पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र' हा निकाल उशाशी ठेवा. तो आपल्याच राज्यातून गेला आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू त्याच्यामागे होते. त्यात सोळा सूचना आहेत : आधी मिळालेल्या खबरीची नोंद, एफआयआर, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, दोन डॉक्टरांकडून शवविच्छेदन आणि त्याचं चित्रीकरण, शस्त्रं तपासणीसाठी जमा करणं, शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदक किंवा बढती नाही. मी या सोळा मुद्द्यांचा कागद भिंतीवर लावला आहे आणि प्रत्येक प्रकरणात एकेक मुद्दा खऱ्या कागदाशी ताडून पाहते. नातेवाइकांना वाटलं की हे पाळलं गेलं नाही, तर सत्र न्यायाधीशांकडे जाण्याची वाटही याच निकालात आहे.

आता स्वतंत्र या शब्दाबद्दल. नवी मुलं येतात ती चिडून आलेली असतात आणि ते मी समजू शकते. पण निकाल आधी ठरवून आलात तर हे काम करू नका. काही वर्षांपूर्वी एका प्रकरणात घरचे ठामपणे म्हणत होते की मुलाला पाठीत गोळी घातली. सगळी वस्ती तेच म्हणत होती. शवविच्छेदनात गोळी आत शिरल्याची जखम पोटावर समोरून होती, लहान, कडा आत वळलेल्या. त्याच रात्री दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये एका शिपायाच्या हातावरच्या खोल वाराची नोंद होती आणि ती नोंद करणाऱ्या डॉक्टरला गोळीबाराचं अजून काही माहीतच नव्हतं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला बळ वापरण्याचा हक्क कायदा पोलिसालाही देतो. मी अहवालात लिहिलं की पुरावा पोलिसांच्या म्हणण्याशी जुळतो. मृताचा भाऊ त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात माझा अहवाल पोलिसांच्या विरोधात गेला, तेव्हा तो कुणी एकतर्फी म्हणून बाजूला सारला नाही.

याचीच दुसरी बाजूही तितकीच खरी. मेलेला माणूस लोकांना नकोसा असेल, त्याच्यावरचा आरोप ऐकून आपलंच रक्त तापत असेल, तरी तक्ता तोच आणि प्रश्न तेच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला तेव्हा लोकांनी पेढे वाटले. पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नव्हते, हे दंडाधिकाऱ्यांच्या अहवालातून नंतर उच्च न्यायालयासमोर आलं. तो अहवाल लिहिणाऱ्याला पेढ्यांचा विचार करून चाललं नसतं.

पोलिसांशी बोलायला घाबरू नका आणि तोऱ्यातही बोलू नका. ठाणेदारांना वेळ मागून भेटा, ओळखपत्र दाखवा, प्रश्न लेखी द्या. सगळे दार लावत नाहीत. मला सगळ्यात उपयोगी माहिती दोनदा हवालदारांनी दिली आहे, आणि दोन्ही वेळा त्यांचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. साक्षीदारांची नावं, फोटो, पत्ते कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत. घरच्या माणसांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. कायद्याची पदवी सगळ्यात कामी येते, पण ती एकटी पुरत नाही. नागपुरात राहणाऱ्याचं नशीब असं की सगळं हाकेच्या अंतरावर आहे. उच्च न्यायालयाचं खंडपीठ सिव्हिल लाइन्समध्ये, विद्यापीठाचं लॉ कॉलेज अमरावती रोडवर, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था शहरातच, मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत न्यायवैद्यक विभाग. न्यायवैद्यकाच्या एखाद्या प्राध्यापकाला गाठा आणि शवविच्छेदनाचा अहवाल ओळीओळीने कसा वाचायचा ते शिकून घ्या. संशयास्पद मृत्यूंच्या तपासासाठी संयुक्त राष्ट्रांची मिनेसोटा प्रोटोकॉल नावाची मार्गदर्शिका आहे, २०१६ ची सुधारित आवृत्ती फुकट मिळते. इंग्रजी जड वाटलं तरी महिनाभरात वाचून काढा.

पैशाचं खरं सांगायचं तर पहिली चार वर्षं माझं घर मोटार अपघाताच्या दाव्यांवर आणि भाडेकरारांवर चाललं. आजही निम्मी कमाई तिथूनच येते. घरच्यांशी हे बोलून मगच या. आणि मृतदेहांचे फोटो रात्री एकट्याने पाहू नका. दिवसा, टेबलावर, कुणी सोबत असताना पाहा आणि काम संपलं की फाईल कपाटात ठेवून कुलूप लावा.

सुरुवात कशी करायची? माझ्याकडे येणाऱ्यांना पहिले सहा महिने मी एकाही घरी नेत नाही. निकाल लागून गेलेलं एक जुनं प्रकरण देते, न्यायालयातून मिळालेल्या नकलांसकट, पण निकालाचा कागद काढून घेऊन. त्यांनी वेळेचा तक्ता करायचा, कपडे कुठे गेले ते शोधायचं, सोळा मुद्दे ताडायचे आणि कुणाला काय विचारायचं राहिलं त्याची यादी करायची. मागच्या जूनमध्ये आलेल्या मुलीने अशा एका गठ्ठ्यात, मी तीनदा वाचलेल्या, लॉगबुकातले किलोमीटर जुळत नसल्याचं दाखवलं. गाडी दाखवलेल्या जागेपर्यंत जाऊन परत येण्याइतकी चाललीच नव्हती. तिला मी दुसऱ्याच दिवशी बेड्यावर सोबत नेलं.