लाइफ जॅकेट जेटीवरच घाला, आणि आवळून घाला

मालीम, कुटबण, शापोरा, गोव्यातल्या कुठल्याही जेटीवर पाहा. होड्यांत लाइफ जॅकेट असतात, पण फळीखाली कोंबलेले, नाहीतर केबिनच्या छपरावर बांधून ठेवलेले. माणूस पाण्यात पडल्यावर तिथून ते काढायला वेळ मिळत नाही. पाण्यात पडून मग फोमचे जॅकेट चढवणे तर त्याहून कठीण: ते वर तरंगत राहते, हात आत शिरत नाहीत, बकल सापडत नाही. म्हणून दोर सोडण्याआधीच ते अंगावर हवे.

खोल दर्यापेक्षा नदीच्या मुखाशी जास्त सांभाळा. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ आणि बेतूलला साळ नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. सुकतीचे, म्हणजे ओहोटीचे, पाणी जोरात बाहेर धावते, समोरून लाट येते आणि दोन्ही भिडतात तिथे लाट उभी राहून फुटते. होडी आडवी आली की उलटते. 1 ऑगस्टला मासेमारीबंदी उठते तेव्हा पाऊस सरलेला नसतो, दर्या अजून खवळलेला असतो. गोव्याचे पाणी थंड नाही हे खरे, पण पट्टीचा पोहणाराही कपड्यांसकट प्रवाहात लवकर दमतो. फळीवर डोके आपटून शुद्ध हरपली तर पोहता येऊन काही उपयोग नाही.

खरेदी करताना आतल्या लेबलवरचा न्यूटनचा आकडा वाचा. 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलो उचलून धरण्याची ताकद. 50 चे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला फक्त आधार देते. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर करत नाही. शांत नदीत आणि खाडीत 100 चालते, दर्यात जायचे तर 150 घ्या. लेबलवर वजन आणि छातीचे माप दिलेले असते. मुलाला मोठ्यांचे जॅकेट घालू नका, ते त्यातून खाली निसटते.

आता बांधणी, कारण बहुतेक चुका इथेच होतात. आधी चेन किंवा बकले लावा, मग कमरेचा पट्टा खेचा, शेवटी मांड्यांमधला पट्टा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते, कानांपर्यंत येते आणि माणूस त्यातून खाली लोंबकळतो. मांड्यांमधला पट्टा जॅकेटला खाली धरून ठेवतो. खलाशी अडचण होते म्हणून नेमका तोच काढून टाकतात, काढू नका. मग दोन्ही हात वर करा आणि सोबत्याला खांद्यापाशी जॅकेट धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर गेले तर पट्टे पुन्हा आवळा. पट्ट्यांची उरलेली टोके आत खोचा. जाळे पाण्यात सुटताना लोंबणारे टोक त्यात अडकले की माणूस जाळ्याबरोबर जातो, आणि विंचवर, म्हणजे जाळे ओढणाऱ्या यंत्रावर, अडकले तर हात जातो.

जाळे ओढताना फोमचे जॅकेट छातीशी नडते, ही तक्रार खरी आहे. त्यावर गॅसवर फुगणारे, पट्ट्यासारखे जॅकेट आहे. पण ते रेनकोटच्या वरूनच घाला. आत घातले तर फुगताना छाती दाबली जाते. सिलिंडर हाताने घट्ट फिरवलेला आहे ना, त्यावर गंज नाही ना, हे दर फेरीआधी बघा. सिलिंडरवर वजन कोरलेले असते. काट्यावर तेवढे भरले नाही तर बदला. पाण्याने विरघळणाऱ्या गोळीचे जॅकेट पावसाच्या झोडीत किंवा तुषारांनी आपोआप फुगू शकते. म्हणून होडीवर पाण्याच्या दाबावर चालणारे किंवा दोरी खेचून फुगवायचे बरे. गळ आणि शिंगाळा माशाच्या काट्याने मात्र फुगणाऱ्या जॅकेटला भोक पडते. गळाने मासेमारी करणाऱ्याने फोमचेच वापरावे.

ट्रॉलरच्या केबिनमध्ये झोपताना जॅकेट काढून उशाशी ठेवा. ट्रॉलर उलटला तर अंगावरचे जॅकेट छताला चिकटवून धरते, दरवाजापर्यंत बुडी मारता येत नाही. रात्री लघवीला काठाशी जाताना मात्र ते घालाच. पाय घसरतो तो तेव्हाच, आणि पाहायला कोणी जागे नसते.

उडी मारावी लागली तर एका हाताने नाक-तोंड झाका, दुसऱ्याने जॅकेट खाली दाबून धरा आणि पाय खाली ठेवून उतरा, नाहीतर ते हनुवटीवर आदळते. पाण्यात ओरडून दमू नका, जॅकेटची शिट्टी वाजवा. उलटलेली होडी तरंगत असेल तर तिला धरून राहा. होडीवरच्यांनी माणसावरची नजर हलवू नये, आणि जवळ येताच मशीन न्यूट्रलला टाकावे, पंखा फिरत ठेवू नये. तटरक्षक दलाला फोन 1554, किंवा व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या रेडिओवर, 16 नंबर चॅनल.

घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मिठाने चेन धरते, उन्हाने कापड विरते. त्यावर बसू नका, मासळीचे क्रेट ठेवू नका. फोम दबला की ताकद जाते. फुगणारे जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडले तर गळते आहे. शिवण उसवलेले, बकल तुटलेले जॅकेट दुसऱ्याला देऊ नका. पट्टे कापून टाका, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या होडीत चढणार नाही.