नायटा समजला जाणारा चट्टा: मायकोसिस फंगॉइडीसचे निदान आणि उपचार

कमरेच्या कडेला, कुल्ल्यांवर, मांडीच्या आतल्या बाजूस किंवा स्तनांखाली, म्हणजे जिथे ऊन सहसा पोहोचत नाही अशा जागी, एखादा कोरडा चट्टा वर्षानुवर्षे टिकून असेल, मलमाने फिका पडून पुन्हा उगवत असेल आणि त्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी बारीक सुरकुतलेली दिसत असेल, तर त्याला नायटा किंवा इसब म्हणून सोडून देऊ नये. हा मायकोसिस फंगॉइडीस, म्हणजे त्वचेतील टी-पेशींचा (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा नावाचा कॅन्सर असू शकतो. १८०६ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी वर्णिलेल्या रुग्णाच्या गाठी अळंबीसारख्या दिसत होत्या, म्हणून आजाराला मायकोसिस फंगॉइडीस हे नाव पडले. बुरशीशी त्याचा काहीही संबंध नाही.

सावळ्या वर्णाच्या लोकांत, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, हाच आजार पांढुरक्या चट्ट्यांच्या रूपात येतो आणि कोड किंवा कुष्ठरोग समजला जातो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, इथे रंग अर्धवटच उडालेला दिसतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना कमी झालेली असते, इथे ती शाबूत असते. अर्थात डोळ्यांनी केलेला हा अंदाजच; खात्री बायोप्सीनेच, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासल्यानेच होते.

बायोप्सीबाबत सर्वाधिक चुका होतात आणि त्यांतली पहिली चूक आपल्याच औषधांच्या डब्यात असते. दुकानातून परस्पर आणलेल्या नायट्याच्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने चट्ट्यातल्या पेशी तात्पुरत्या विरळ होतात आणि अहवाल ‘साधा दाह’ असा येतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने असे मलम दोन ते चार आठवडे थांबवून, किमान दोन वेगवेगळ्या चट्ट्यांतून तुकडे घ्यावेत. पॅथॉलॉजिस्ट टी-पेशी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात शिरल्या आहेत का, हे पाहतात. सीडी३, सीडी४, सीडी८ आणि सीडी७ या पेशींवरील प्रथिनांच्या खुणा तपासतात आणि शंका उरल्यास टी-पेशींच्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) जनुकांची चाचणी करतात. दोन चट्ट्यांत पेशींचा एकच वंश सापडला, तर पारडे लिम्फोमाकडे झुकते. पहिला अहवाल निर्दोष आला तरी चट्टा जात नसेल, तर काही महिन्यांनी बायोप्सी पुन्हा करण्यात कमीपणा नाही.

निदान पक्के झाल्यावर व्याप्ती मोजावी. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे सुमारे एक टक्का त्वचा. त्यावरून त्वचेवरील आजाराची पायरी ठरते: चट्टे दहा टक्क्यांहून कमी त्वचेवर असतील तर टी१, दहा टक्के किंवा अधिक असतील तर टी२, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ असेल तर टी३ आणि ऐंशी टक्के किंवा अधिक त्वचा लाल झाली असेल तर टी४. दीड सेंटिमीटरहून मोठी लसिकाग्रंथी (मान, काख किंवा जांघेतली गाठ) हाताला लागल्यास तिची तपासणी हवी. अंग सर्वत्र लाल असेल तर रक्तात सेझारी पेशी, म्हणजे रक्तात उतरलेल्या कॅन्सरच्या टी-पेशी, शोधाव्यात.

‘कॅन्सर’ हा शब्द ऐकताच घरचे लोक केमोथेरपीचा आग्रह धरतात, आणि इथेच डॉक्टरांनी ठाम राहावे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत सुरुवातीलाच जोरकस केमोथेरपी व इलेक्ट्रॉन किरण दिलेल्या रुग्णांचे आयुष्य सौम्य उपचार घेणाऱ्यांपेक्षा वाढले नाही. सुरुवातीच्या अवस्थेत तीव्र स्टेरॉइड मलम आणि आठवड्यातून दोन-तीनदा नॅरोबँड यूव्हीबी प्रकाशोपचार बहुधा पुरतात. चट्टे जाड असतील तर प्युव्हा (सोरालेन औषधासह यूव्हीए प्रकाश) द्यावा. (निदानापूर्वी थांबवलेले स्टेरॉइड निदानानंतर औषध ठरते, हे रुग्णाला नीट समजावून सांगावे लागते.) आजार दाद देत नसेल तर मेथोट्रेक्सेट, इंटरफेरॉन किंवा बेक्सारोटीन यांपैकी औषध येते; बेक्सारोटीनवर असताना थायरॉइड आणि रक्तातील चरबी तपासत राहावे लागते. एखाददुसऱ्या गाठीला स्थानिक रेडिएशन पुरते. पुढच्या अवस्थेत पेशींवर सीडी३० खूण असल्यास ब्रेंटुक्सिमॅब, रक्तात आजार असल्यास मोगॅम्युलिझुमॅब ही प्रतिपिंड औषधे, आणि निवडक रुग्णांत दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण.

चट्टे गेल्यावरही दर तीन ते सहा महिन्यांनी संपूर्ण अंगाची तपासणी करावी आणि घरी त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून चट्ट्यांचे फोटो काढून ठेवावेत. चट्ट्यावर गाठ उठली, व्रण पडला किंवा तापासह पू आला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.