पुसलेल्या फाइलचा माग : एनटीएफएसच्या नोंदी कशा वाचाव्यात

विंडोजमधील एनटीएफएस ही फाइल प्रणाली फाइल पुसली जाताच तिचा मजकूर नष्ट करीत नाही. मास्टर फाइल टेबलमधील, म्हणजे एमएफटीमधील, तिची नोंद ‘वापरात नाही’ अशी खूण करून मोकळी सोडते आणि मजकुराची जागा इतर फाइलींना खुली करते. त्यामुळे मजकूर हाती लागला नाही तरी अशी फाइल होती, तिचे नाव काय होते आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये होती, हे पुष्कळदा सिद्ध करता येते. ती केव्हा पुसली, हे मात्र एमएफटीची नोंद सांगत नाही. नवशिके तपासनीस बहुधा नेमके इथेच फसतात.

प्रथम मूळ डिस्क राइट ब्लॉकरमधून, म्हणजे डिस्कवर काहीही लिहू न देणाऱ्या उपकरणातून, जोडून तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी आणि मूळ डिस्क व प्रतिमा या दोहोंचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा ठसा, नोंदवून ठेवावा. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हा हॅश द्यावा लागतो. चालू संगणकावरच फाइल परत मिळवण्याचे सॉफ्टवेअर बसवणे कटाक्षाने टाळावे, कारण बसवताना तयार होणाऱ्या नव्या फाइली मोकळ्या झालेल्या नोंदींवरच जाऊन बसतात आणि जे शोधायचे तेच पुसले जाते.

नंतर रीसायकल बिन पाहावा. तिथे गेलेली फाइल पुसलेली नसते, केवळ तिचे नाव व जागा बदललेली असते; तिच्या जोडीला तयार झालेल्या, डॉलर-आयने सुरू होणाऱ्या छोट्या फाइलमध्ये मूळ मार्ग, आकार आणि बिनमध्ये टाकल्याची वेळ मिळते.

पुढील कामास स्लूथ किट हा विनामूल्य साधनसंच पुरेसा आहे. एमएमएलएस या आज्ञेने विभाजनाचा आरंभीचा सेक्टर काढावा आणि तो देऊन एफएलएस ही फाइलींची यादी देणारी आज्ञा फक्त पुसलेल्या नोंदी दाखवण्याच्या व उपफोल्डरांत उतरण्याच्या पर्यायांसह चालवावी. पुसलेल्या नावाशेजारी तारा दिसतो आणि ३८२१४-१२८-१ अशा धाटणीचा क्रमांक येतो. त्यातील पहिला आकडा एमएफटीमधील नोंदीचा, तर १२८ हा मजकुराच्या गुणधर्माचा प्रकार असतो. नावापुढे ‘रीअॅलॉक’ असा शेरा असल्यास ती नोंद दुसऱ्या फाइलला दिली गेली आहे असे समजावे. अशा वेळी आयकॅट या मजकूर बाहेर काढणाऱ्या आज्ञेने काढलेला मजकूर त्या नव्या फाइलचा असतो आणि तो जुन्या नावाखाली अहवालात गेल्यास सगळाच तपास संशयास्पद ठरतो.

महत्त्वाची नोंद हेक्स संपादकात, म्हणजे कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, स्वतः उघडून पाहावी, हे मी आग्रहाने सांगेन. नोंद सहसा १०२४ बाइटची असते. बाइट क्रमांक २२ पासूनच्या (मोजणी ० पासून) दोन बाइटांत ० असल्यास ती पुसलेली फाइल, १ असल्यास वापरातील फाइल, २ असल्यास पुसलेले फोल्डर आणि ३ असल्यास वापरातील फोल्डर असते. बाइट क्रमांक १६ पासून त्या नोंदीच्या वापराची पाळी सांगणारा अनुक्रमांक येतो आणि फाइल पुसली की तो एकाने वाढतो. म्हणून पुसलेल्या नोंदीत ५ दिसत असेल, तर फाइल अस्तित्वात असताना तो ४ होता. फोल्डरच्या बाबतीतही हीच पडताळणी करावी : फाइलच्या नोंदीत तिच्या फोल्डरचा क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही असतात, आणि त्या फोल्डरच्या नोंदीचा आजचा अनुक्रमांक त्याच्याशी जुळत नसेल, तर ते फोल्डर पुसले गेले आहे किंवा तिथे दुसरेच काही आले आहे. दुसऱ्या शक्यतेत साधनाने दाखवलेला मार्ग खोटा असू शकतो.

नावे यूटीएफ-१६ या अक्षरांच्या संकेतपद्धतीत साठवलेली असल्याने देवनागरी नावांचा शोध यूटीएफ-८ ने घेतल्यास हाती काही लागत नाही. ‘हिशोब’ हे नाव ३९ ०९ ३एफ ०९ ३६ ०९ ४बी ०९ २सी ०९ असे दिसते. दर दुसरा बाइट ०९ आणि त्याच्या आधीचा बाइट ७एफपर्यंतचा दिसू लागला की देवनागरी नाव समोर आहे असे समजावे; आधीचा बाइट ८० किंवा त्यापुढचा असेल, तर ते बंगाली लिपीतील असते.

पुसल्याची वेळ हवी असेल, तर यूएसएन जर्नल, म्हणजे फाइलींतील बदलांची एनटीएफएसने ठेवलेली रोजनिशी, वाचावे. त्यात ‘फाइल डिलीट’ या कारणासह नाव, नोंदीचा क्रमांक, अनुक्रमांक आणि वेळ असते. वरील उदाहरणात तिथला अनुक्रमांक ४ असायला हवा. वेळ यूटीसीमध्ये असते, त्यामुळे १४ तारखेची १८:४० ही वेळ भारतात १५ तारखेची ००:१० होते, आणि तारीख बदलली की हजेरीपत्रकाशी घातलेला मेळही बदलतो. जर्नलचा आकार मर्यादित असल्याने जुन्या नोंदी गळत जातात. कोणी पुसले, हे त्यात नसते. त्यासाठी लॉगिनच्या नोंदी वेगळ्या तपासाव्या लागतात.

एसएसडीवर ट्रिम, म्हणजे मोकळी झालेली जागा डिस्कला कळवून रिकामी करवून घेण्याची सोय, चालू असल्यास मोठ्या फाइलींचा मजकूर बहुधा शून्य होऊन येतो. तरीही एमएफटी ही स्वतः वापरातील फाइल असल्याने तिच्यातील मोकळ्या नोंदींना ट्रिमचा उपद्रव होत नाही, आणि सुमारे ७०० बाइटांपर्यंतच्या फाइलींचा मजकूर त्या नोंदीतच साठवलेला असतो. म्हणून अशा डिस्कवर टिपणे, छोट्या स्क्रिप्ट आणि शॉर्टकट यांच्या नोंदी आधी तपासाव्यात.