पक्ष्यांचा नाद आणि केळीची बाग, दोन्ही कसं जमवायचं

डिसेंबर लागला की आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात दोन गोष्टी एकदमच येतात, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला बाहेरदेशची बदकं आणि केळीच्या बागेत थंडी. पारा दहाच्या खाली गेला की बाग जागच्या जागी थांबते, घड निसवायला, म्हणजे बाहेर पडायला, उशीर होतो, मग रात्री पाणी द्या, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करा, आणि नेमकं त्याच दिवसांत पहाटे चक्रवाक अन् तलवार बदकं बघायला जीव तुटतो. नाद कुठलाही असो, सायकल असो की भजनी मंडळ, ही ओढाताण सगळीकडे सारखीच आहे, पण मी पक्ष्यांचंच सांगतो, मला तेवढंच नीट माहितीये.

पहिली गोष्ट, घरी परत यायची वेळ सांगा. निघायची नाही, परत यायची. मी बरीच वर्षं उलटं करायचो, "उद्या पाचला निघतोय" एवढंच सांगायचो आणि वाटायचं की घरच्यांना माझा नादच आवडत नाही. एकदा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाकडे गेलो, कांड्या करकोच्यांचा मोठा थवा उतरलेला, फोन सायलेंटवर बॅगेत, आणि त्याच दिवशी कटाईची गाडी ठरल्यापेक्षा लवकर आली. सत्तरी ओलांडलेले आप्पा उन्हात वजनकाट्याजवळ उभे राहून घड मोजत होते. मी साडेअकराला पोचलो, ते एक शब्द बोलले नाहीत, ते फार लागलं मला. रात्री बायको म्हणाली, "जा ना तुम्ही, मी कधी नाही म्हटलं? फक्त किती वाजता येणार ते सांगून जात जा." तेव्हापासून साडेनऊ म्हणजे साडेनऊ, समोर कुठलाही पक्षी असला तरी, आणि खरं सांगतो, वेळ पाळायला लागल्यापासून घरात कोणी अडवलं नाही.

साडेनऊच का, तर थंडीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि पहिले दोन तासच खरे असतात. तेव्हा बदकं काठाला चरत असतात, ऊन चढलं की मधल्या पाण्यात सरकतात अन् दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. म्हणजे आख्खा दिवस मागायची गरजच नाही. तुमच्या नादातले असे दोन तास कोणते ते शोधा आणि घरच्यांकडून तेवढेच मागा.

शनिवारी रात्री आठवड्याचं बघून घ्यायचं, बायकोसोबत बसून, एकट्याने नाही. शेतीची थ्री फेज लाईट, म्हणजे पाण्याची मोटार चालवायची वीज, या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची, कटाई कधी, आप्पांच्या गोळ्या संपल्यात का, मुलीच्या शाळेत मिटिंग आहे का. रात्रीची लाईट असेल तर त्या आठवड्यात मी बाहेर जातच नाही. रात्रभर पाणी भरून पहाटे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर बाईक घालायची, त्यात धुकं आणि केळीच्या ट्रका, हे मी दोनदा केलंय, एकदा डोळा लागला होता, तुम्ही करू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरला कांदेबाग, म्हणजे केळीचीच त्या हंगामातली लागवड, लावायची असते, मग ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह येतो, त्याच्या मागेपुढे नाहीतर त्याच सुमारास दिवाळी. मजूर मिळायला उशीर झाला तर सगळंच एकावर एक येतं, अशा वर्षी त्या सप्ताहातली एकच सकाळ ठेवायची, बाकी सोडून द्यायच्या.

जे आठवडे घरी राहावं लागतं ते वाया जात नाहीत हे मला उशिरा कळलं. बागेत केळफुलावर जांभळा शिंजीर मध प्यायला येतो, तारेवर कोतवाल, मोटारीच्या डबक्यावर खंड्या, हे सगळं ठिबकची नळी तपासत तपासत दिसतं. दुर्बीण गाडीच्या डिक्कीत नाही, शेतातल्या खोलीत ठेवा.

पैशाचं थोडक्यात. केळीच्या पैशातून लेन्स घ्यायची नाही. भाव पडला की पहिली नजर त्या लेन्सवरच जाते, आणि बरोबरच आहे. बांधावर शेवग्याची झाडं आहेत, त्याचे जे येतील तेवढेच पक्ष्यांचे, हे घरात सगळ्यांना माहितीये. सुरुवातीला कॅमेरा नकोच, ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या, आठपट मोठं दिसतं, हात थोडा थरथरला तरी चालतं, पहाटेच्या कमी उजेडातही दिसतं.

वर्षातून एकदा मात्र आख्खा दिवस घ्या आणि घरच्यांना घेऊन जा. आम्ही यावल अभयारण्यात पालला जातो, भरीत अन् कळण्याची भाकरी बांधून. सातपुड्याचं जंगल रानपिंगळ्याचं आहे. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कोणाला खात्रीने सापडलाच नव्हता, तो संपला असंच धरून चालले होते, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग हे पक्षी अभ्यासक आणि त्यांच्या सोबत्याला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ दिसला! हे मी मुलीला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती जेवायची थांबली. हा पिंगळा दिवसाउजेडी बसतो, त्यामुळे पोराबाळांना घेऊन रात्री जंगलात फिरायची गरज नाही. फक्त मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवू नका, तो बिचारा दुसरा पिंगळा आला समजून आपलं काम सोडून भांडायला येतो.

आणि फेब्रुवारीत चार दिवस जगभर घरच्या-परसातल्या पक्ष्यांची मोजणी असते, किमान पंधरा मिनिटं एका जागी बसून दिसतील ते मोजायचे आणि ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाईटवर टाकायचे. हे अंगणात बसून होतं, चहा होईपर्यंत होतं. घड्याळ लावायचं काम मुलीकडे द्या, आमची पंधराची सोळा होऊ देत नाही.