नॉईज मोजताना दोष उन्हाला देऊ नका

एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रोजेक्टला नॉईज (सर्किटमधल्या व्होल्टेजची आपोआप होणारी अनियमित थरथर) हा विषय घेतला आणि आकडे जुळले नाहीत, की खान्देशात पहिला आरोप उन्हावर होतो. रेझिस्टरचा थर्मल नॉईज केल्विन तापमानाच्या वर्गमूळाने वाढतो. 27 अंशांवरून जळगावच्या मे महिन्यातल्या 45 अंशांवर गेलात तरी वाढ जेमतेम 3 टक्के. उन्हाचा दणका बसतो तो लीकेज करंटला, म्हणजे डायोडसारख्या भागातून नको असताना झिरपणाऱ्या करंटला: दर 10 अंशांना साधारण दुप्पट. फोटोडायोडवर (प्रकाश मोजणाऱ्या डायोडवर) काम असेल तर मात्र उन्हाळा जपून.

सुरुवातीला 100 किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, कार्बनचा नको. त्याचा नॉईज दर वर्गमूळ हर्ट्झला सुमारे 41 नॅनोव्होल्ट, तो मोठा करून दाखवणाऱ्या टीएल 072 या ऑप-अँप (अॅम्प्लिफायर) आयसीचा स्वतःचा 18. गेन 1000 हवा, म्हणजे सिग्नल हजार पट मोठा हवा, म्हणून एकच स्टेज लावाल तर फसाल. या आयसीचा गेन-बँडविड्थ गुणाकार 3 मेगाहर्ट्झ, म्हणजे 1000 गेनला हाती उरते 3 किलोहर्ट्झची बँडविड्थ. दोन स्टेज करा, प्रत्येकीत 3.3 किलोओहम आणि 100 ओहम. गेन 34 गुणिले 34, म्हणजे 1156. दोन स्टेजच्या मधे 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये आणि पुढे 100 किलोओहम ग्राउंडला. हे विसरलात तर पहिल्या स्टेजचा 3 मिलिव्होल्टचा ऑफसेट (सिग्नल नसतानाही असणारं डीसी व्होल्टेज) शेवटी साडेतीन व्होल्ट होऊन बसतो.

आउटपुटला 10 किलोओहम आणि 1 नॅनोफॅरडचा फिल्टर. कटऑफ 16 किलोहर्ट्झ, पण नॉईजची बँडविड्थ त्याच्या 1.57 पट, म्हणजे 25 किलोहर्ट्झ धरायची. व्हायव्हात इथेच पकडतात.

आधी इनपुट शॉर्ट करून मोजा: सुमारे 3.3 मिलिव्होल्ट आरएमएस. मग रेझिस्टर लावा: 8.1. सरळ वजाबाकी केली तर 4.8 येतात, आणि ते चूक. वर्ग करून वजा करा, मग वर्गमूळ, 7.4 मिळतील. साधा मल्टिमीटर इथे कामाचा नाही, डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) स्टँडर्ड डेव्हिएशन वाचा.

सप्लायला 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. सर्किट फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, डबा ग्राउंडला जोडून. तरीही ट्रेसवर (डीएसओच्या पडद्यावरच्या रेषेवर) 20 मिलिसेकंदांची लाट दिसली तर ती कूलरची किंवा वायरिंगची. कूलर बंद करा आणि घाम पुसत मोजा.

ट्रेस दोन पातळ्यांमध्ये पायऱ्यांसारखा उड्या मारत असेल, तर तो पॉपकॉर्न नॉईज, सिलिकॉनमधल्या दोषाचा. फिल्टर बदलत बसू नका, आयसीच बदला, आणि शक्यतो दुसऱ्या लॉटमधली घ्या.