घरी फोनिक्स शिकवताय? या चुका टाळा

फोनिक्स म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून इंग्रजी वाचायची पद्धत. त्यात ‘बॅट’ वाचायला सांगितलं की मूल म्हणतं, “ब… ॲ… ट… बॲटअ!” आईबाबा वैतागतात: सगळे आवाज येतात, मग शब्द का जुळत नाही? तर आवाजच चुकलेले असतात. आपण ‘ब’ म्हणतो तेव्हा ब् आणि अ असे दोन आवाज निघतात, कारण आपल्या अक्षरातच ‘अ’ मुरलेला आहे. इंग्रजी ‘बी’चा आवाज नुसता ब्, पाय मोडलेला. ब, ॲ, ट जोडल्यावर ‘बॲटअ’च होणार. मुलाने जोडणी अचूक केली, त्याला दिलेला माल खोटा होता.

या एका चुकीपायी सीनियर केजीतली हुशार मुलं ‘कच्ची’ ठरतात. असंच एक मूल सव्वीसही अक्षरांचे आवाज घडाघडा म्हणायचं, पण तीन अक्षरी शब्द आला की गप्प. क्लासने आणखी वर्कशीट दिली, घरच्यांनी आणखी पाठांतर घेतलं, आणि दर पाठांतरागणिक तो ‘अ’ जास्तच पक्का होत गेला. शेवटी पुस्तक मिटून फक्त स्‌ऽऽऽ, म्‌ऽऽऽ, न्‌ऽऽऽ असे लांबवलेले आवाज घेतले. ‘सॅम’, ‘मॅन’ जुळायला लागले तेव्हा कळलं की स्मरणशक्तीत काही खोट नव्हती.

म्हणून कार्डाच्या मागच्या बाजूला स्वतःसाठी देवनागरीत स्, म्, प् असं हलन्त लिहून ठेवा. मुलाला ते दाखवायचं नाही. स्, म्, न्, ल्, र् श्वास पुरेल तोवर लांबवता येतात; पहिले शब्द यांनीच सुरू होणारे घ्या आणि मध्ये न थांबता पुढच्या स्वरात घसरा. प्, ट्, क् म्हणताना गळ्यावर हात ठेवा. गळा थरथरला तर ‘अ’ आला समजा, कुजबुजल्यासारखं म्हणा. ब्, ड्, ग् पूर्ण स्वच्छ निघत नाहीत, म्हणून ते झटकन म्हणून थेट स्वरावर जा.

ए ते झेड क्रमाने जाऊ नका. एस, ए, टी, आय, पी, एन एवढी सहा अक्षरं आली की ‘सिट’, ‘टॅप’, ‘पिन’, ‘नॅप’ वाचता येतात. ए, बी, सी, डी, ई, एफ शिकून इतके शब्द हाती लागत नाहीत. सुरुवात लहान लिपीने करा. पुस्तकात कॅपिटल अक्षरं असतात किती?

दुसरी घोडचूक म्हणजे कानाची तयारी न करता अक्षरांवर उडी. अक्षर दाखवण्याआधी मराठीतच खेळा: “न्-आ-क् ला हात लाव.” “क्-आ-न् कुठाय?” हे तोंडी जमत नसेल तर कार्डं कपाटात ठेवा. इंग्रजी त्याला अजून परकी आहे, नाक-कान ओळखीचे आहेत. ‘तीस दिवसांत वाचन’ विकणारे हा टप्पा गाळतात, कारण यात पालकांना दाखवायला वहीत काही उमटत नाही. घाई झालेल्या पालकांनाही तो वेळेचा अपव्यय वाटतो. वाचनाचा पाया मात्र इथेच पडतो.

चित्र पाहून ‘वाचणं’ हे वाचन नव्हे. कुत्र्याच्या चित्राखाली ‘पपी’ लिहिलेलं असताना मूल ‘डॉग’ म्हणालं, तर ते अंदाज बांधतंय. चित्र हाताने झाका. मधूनमधून ‘मिप’, ‘निस’, ‘टॅस’ असे अर्थहीन शब्द द्या. ते पाठ असूच शकत नाहीत. इंग्लंडमध्ये २०१२ साली पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी सुरू झालेल्या फोनिक्स चाचणीत ४० पैकी २० शब्द असेच बनावट असतात.

‘पेन’ आणि ‘पॅन’ आधी कानाने वेगळे करून घ्या: दोन्ही वस्तू समोर ठेवा, नाव घेतलं की उचलायला लावा. ‘व्हॅन’च्या आवाजाला वरचे दात खालच्या ओठावर, ‘वेट’ला ओठांचा चंबू. एफलाही दात ओठावरच, आपला ‘फळा’तला फ नको.

‘सेड’ (said), ‘वॉज’ (was), ‘वन’ (one) यांचं स्पेलिंग उच्चाराशी पूर्ण जुळत नाही, ते पूर्ण फोडायला लावू नका. ‘सेड’मधले स् आणि ड् नेहमीचेच आहेत, मधली दोन अक्षरं तेवढी लक्षात ठेवायची.

आणि रोज दहा मिनिटं. रविवारी तासभर बसवलेलं मूल बुधवारपर्यंत निम्मं विसरतं, मग पुढच्या रविवारी रडारड होते.