वाचनालयाचा ऑनलाइन कार्यक्रम: आधी वाचक ठरवा, मग वक्ता

ऑनलाइन कार्यक्रम करायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘वक्ता कोण?’ मी वाचनालयाचे कार्यक्रम बघते. हा प्रश्न आला की मी देवघेव विभागातून सभासदांची यादी मागवते. वक्त्याचं नंतर बघू, आधी सांगा, यायचं कोण थांबलंय? ज्यांच्या खात्यावर बरेच महिने एकही पुस्तक गेलेलं नाही, त्यांच्यातल्या काहींना सरळ फोन करा. कारणं फार वेगवेगळी नसतात. घरात तान्हं मूल, दुखरे गुडघे आणि आपल्या इमारतीचा जिना, रात्रपाळी, अंथरुणाला खिळलेलं माणूस, दुसऱ्या गावी झालेली बदली.

यातला एक गट निवडा. एकच. मग वेळ, लांबी, विषय हे सगळं भराभर ठरत जातं. तान्ह्या बाळाच्या आईला संध्याकाळी सात ही वेळ जमणार नाही, दुपारचा अर्धा तास कदाचित जमेल. रात्रपाळी करणाऱ्याला सकाळी अकराला उठवण्यात अर्थ नाही. ‘सर्वांसाठी खुला’ अशी जाहिरात केलेल्या कार्यक्रमाला बहुधा तेच लोक येतात जे वाचनालयात तसेही आले असते.

आता कार्यक्रम कोणता? व्याख्यान मी शेवटी ठेवते. चांगली व्याख्यानं इंटरनेटवर ढिगानं पडली आहेत, त्यात आपल्या एकाची भर पडून काय होणार? वाचनालयाकडे वेगळं काय आहे, तर पुस्तकांच्या प्रती आणि एकमेकांना न ओळखणारे पण तेच पुस्तक वाचणारे लोक. म्हणून पुस्तक-चर्चा, अभिवाचन, मुलांची गोष्टीची वेळ, आणि ई-पुस्तकं मोबाइलवर कशी घ्यायची ते शिकवणारा छोटा वर्ग, हे चार प्रकार आधी करून बघा.

पुस्तक-चर्चेला दहा-बारा माणसं पुरे. खोलीत दोघं एकदम बोलली तरी आपण सांभाळून घेतो, पडद्यावर दोन आवाज एकावर एक आले की दोन्ही कळत नाहीत. संख्या वाढली तर दुसरा गट करा. पुस्तक जाहीर करण्याआधी कपाटात प्रती किती आहेत ते मोजा. एकच प्रत आणि बारा सभासद असतील तर चर्चा दोघंतिघंच करतात, बाकीचे ऐकत बसतात. प्रती कमी असतील तर पूर्ण कादंबरीऐवजी एखादी कथा घ्या, किंवा विषय ठरवून ज्याला जे पुस्तक मिळेल त्यानं त्यावर बोलावं. मला तर ही दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण त्यातून सहसा कुणी हात न लावणारी पुस्तकंही कपाटाबाहेर पडतात.

अभिवाचनाच्या बाबतीत एका गोष्टीवर मी हटून बसते, ती म्हणजे लेखी परवानगी. वाचनालयाच्या खोलीत दहा मुलांना गोष्ट वाचून दाखवणं आणि तीच गोष्ट, चित्रांसकट, इंटरनेटवर प्रक्षेपित करणं या कायद्याच्या नजरेत वेगळ्या गोष्टी आहेत. त्याचं रेकॉर्डिंग चढवून ठेवणं ही आणखी तिसरी. प्रकाशकाला ई-मेल पाठवताना तिन्ही स्वतंत्र विचारा: थेट वाचन, चित्रं दाखवणं, रेकॉर्डिंग किती दिवस राहील. ‘किती दिवस’ हे तुम्हीच सुचवलंत तर होकार मिळण्याची शक्यता वाढते. हे सगळं टाळायचं असेल तर हक्कमुक्त साहित्य घ्या. बर्न करारानुसार (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो, भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे आणि बऱ्याच देशांत ७०. मात्र जुन्या लेखकाचं नवं भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजायचा, चित्रकाराचाही. इथे पुष्कळ जण घसरतात.

साधनांबद्दल फार लिहीत नाही. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांनी बंद होते, गूगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त जण असतील तर एका तासाने. लोक याबद्दल कुरकुर करतात, मला मात्र ती ४० मिनिटं वरदान वाटतात. पाच मिनिटं माणसं जमेपर्यंत, वीस मिनिटं वाचन, उरलेली बोलायला. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणार असाल तर ती सोय आदल्या दिवसाच्याही आधी चालू करून ठेवा. पहिल्यांदा ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि हे कार्यक्रमाच्या सकाळी कळून उपयोग नाही. मुलांसाठीचा व्हिडिओ म्हणून नोंदवलात तर त्याखाली टिप्पण्या बंद राहतात, तेव्हा मुलांचे प्रश्न घ्यायचे असतील तर हा मार्ग नको.

खरा खर्च माणसांचा. कोणत्याही ऑनलाइन कार्यक्रमाला दोघं लागतातच: एक बोलणारा आणि एक दारावरचा. दारावरचा म्हणजे को-होस्ट, होस्टच्या (बैठक चालवणाऱ्याच्या) जोडीनं बैठक सांभाळणारा. वेटिंग रूममधून, म्हणजे आत घेईपर्यंत लोक जिथे थांबतात तिथून, नोंदणीतली नावं बघून आत घेणं, उघडे राहिलेले माइक बंद करणं, चॅटमधले प्रश्न टिपणं आणि ‘आवाज येत नाही’ म्हणणाऱ्याला बाजूला घेऊन मदत करणं ही त्याची कामं. त्याच्याकडे वाचनालयाचा फोन असू द्या, कारण ज्याला आत येता येत नाही तो चॅटमध्ये कसं सांगणार? बोलणाऱ्यानं यातलं काहीही करायचं नाही.

दाराची काळजी उगाच नाही. २०२० च्या वसंतात अनोळखी टोळकी उघड्या बैठकांत घुसून शिवीगाळ आणि अश्लील चित्रं दाखवू लागली, तेव्हा झूमने त्या एप्रिलमध्ये मोफत खात्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू असतील अशी व्यवस्था केली. त्या बंद करू नका. लिंक फलकावर किंवा जाहिरातीत छापू नका, तिथे फक्त नोंदणीचा पत्ता द्या. लिंक आदल्या दिवशी एकदा आणि तासभर आधी पुन्हा पाठवा, कारण पहिला निरोप कुणालाही वेळेवर सापडत नाही. स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे ठेवा. आणि कुणी घुसलंच तर कोणतं बटण दाबायचं हे दारावरच्यानं आधी दाबून बघितलेलं असावं. झूममध्ये सगळ्यांचा आवाज, चित्र, चॅट एकदम थांबवणारी सोय होस्टच्या सुरक्षेच्या पर्यायांत असते.

नोंदणीत नाव आणि संपर्क, एवढंच विचारा. वय, व्यवसाय, आवडते लेखक असली लांबलचक पत्रकं भरून घेण्याचा मोह होतो. कोण काय वाचतो ही त्या वाचकाची खासगी बाब आहे, आणि ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे इफ्लानं, २०१२ च्या आचारसंहितेत वाचकाच्या खासगीपणाचा आदर स्पष्ट सांगितला आहे. कॅमेरा बंद ठेवायची मोकळीक पहिल्याच वाक्यात द्या. काहींच्या घरात बसायला वेगळी खोली नसते, काहींचा डेटा संपत आलेला असतो. मुलांच्या कार्यक्रमाला घरातलं मोठं माणूस जवळ हवं आणि मुलांचे चेहरे रेकॉर्ड करायचे नाहीत, यात सूट देऊ नका.

रंगीत तालीम त्याच मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच वेळी करा. दुपारी शांत असलेला रस्ता संध्याकाळी गजबजतो. उजेड वाचणाऱ्याच्या समोरून यावा, पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. वाचताना नेहमीपेक्षा सावकाश वाचा. चित्रांचं पुस्तक असेल तर पान कॅमेऱ्यासमोर धरून आधी नुसतं बघू द्या आणि मग वाचा, कारण पुस्तक हलतं राहिलं की चित्र धूसर होतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. लोकांना माइकचं बटण शोधायला वेळ लागतो, त्यांच्याकडे बोलायला काही नाही असं समजून पुढे जाऊ नका.

निम्मे लोक सभागृहात आणि निम्मे पडद्यावर असा कार्यक्रम मात्र सर्वांत अवघड. सभागृहातल्यांना वाटतं आवाज छान येतोय, आणि घरी बसलेल्यांना ऐकू येते खुर्च्यांची करकर. बोलणाऱ्याला स्वतंत्र माइक, सभागृहातला प्रत्येक प्रश्न त्यानं पुन्हा उच्चारणं, आणि पडद्यावरच्या लोकांच्या वतीनं हात वर करणारा तिसरा माणूस. या तीन गोष्टी जमत नसतील तर दोन वेगळे कार्यक्रम करा, कमी त्रास होतो.

कार्यक्रम संपल्यावर त्याच दिवशी एक निरोप जायला हवा: बोलण्यात आलेली पुस्तकं, त्यांचे वर्गांक (विषयानुसार दिलेले क्रमांक) आणि राखून ठेवण्याची सोय. बुद्धिबळावर गप्पा झाल्या असतील तर ‘७९४.१ च्या कपाटात बघा’ एवढं लिहिलं तरी माणूस थेट तिथे पोचतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ज्याला येणं जमतच नाही त्याच्यासाठी घरातलं दुसरं कुणी पुस्तक नेऊ शकेल का, हेही त्याच निरोपात विचारा.

हिशोब ठेवताना ‘किती जण आले’ हा आकडा मी दुय्यम मानते. शेवटपर्यंत किती थांबले आणि पुढच्या महिन्याभरात बोलण्यात आलेल्या किती पुस्तकांची देवघेव झाली, हे दोन आकडे वहीत लिहा. अहवालात मोठा आकडा हवा असतो, तर तो वेगळा द्या. आणि ज्यांना सुरुवातीला फोन केला होता त्यांच्यातलं कुणी आलं का, ते त्या यादीवर खूण करून बघा. कुणीच आलं नसेल तर विषय तोच ठेवून आधी वेळ बदला.